चारणं आणि चरणं

थर्मासचं झाकण उडालं तेव्हा सहा आसनी रिक्षात आम्ही आठ जण होतो. सकाळचे साडेसहा वाजले असतील. माझ्या मांडीवर दोन लिटरचा थर्मास, त्यात कत्तलखान्यातून नुकताच भरून आणलेला मेंढीच्या कोठीपोटातला, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातला रस. झाकण मी लोणच्याची बरणी असल्यासारखं आवळलं होतं. एक खड्डा आला, ‘फट्’ असा आवाज झाला आणि हिरवट-तपकिरी फवारा रिक्षाच्या टपाला, माझ्या ओढणीवर आणि शेजारच्या काकूंच्या भाजीच्या पिशवीवर. वास म्हणाल तर पावसात भिजून राहिलेला कडबा, ताकाचं न धुतलेलं मडकं आणि त्यात कुठेतरी एक उबदार, गोडसर झाक. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि फार सभ्यपणे म्हणाला, ‘‘ताई, पैसे राहू द्या, पण उतरा.’’

उतरले. उरलेला दीड किलोमीटर थर्मास छातीशी धरून चालत गेले. तो अजून ऊबदार होता आणि आत बारीक खळखळ चालू होती. मेंढी जाऊन तास उलटला होता, पण तिच्या पोटातलं गाव जागंच होतं. चुली पेटलेल्या होत्या आणि धूर निघत होता.

त्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो आणि पृथ्वी तापवणारा मिथेन असतो. मी तेव्हा पशुपोषण विषयात एम.व्ही.एस्सी. करत होते आणि झाडपाला खाऊ घालून मेंढीचा मिथेन कमी होतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. विषय सांगितला की लोक हसायचे. घरातल्या लग्नात एका काकांनी तर सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, ‘‘म्हणजे तू मेंढ्यांच्या मागे नळी धरून बसणार का?’’ सगळ्यांची अशीच समजूत असते, की हे प्रकरण शेपटीकडचं आहे. ते नव्वद टक्क्यांहून जास्त तोंडाकडचं आहे. आणि मेंढीचा ढेकर आपल्यासारखा ऐकूही येत नाही. कोठीपोटातून वर आलेल्या गॅसचा बराच भाग श्वासनलिकेत शिरतो, फुफ्फुसात जातो आणि नेहमीच्या श्वासाबरोबर नाकातून बाहेर पडतो. शांतपणे रवंथ करत बसलेली मेंढी बघताना तुम्हाला काहीच कळत नाही.

आत काय चालतं ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गवतातलं सेल्युलोज मेंढीला स्वतःला पचवता येत नाही. ते काम कोठीपोटातले जिवाणू, आदिजीव आणि बुरशा करतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात, त्यांच्यावर मेंढी जगते. या आंबवण्यात हायड्रोजन सुटतो. तो साचत गेला तर पुढचं आंबवणंच अडकतं. म्हणून तिथं आर्किया कुळातले काही सूक्ष्मजीव असतात. ते हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेतात, त्याचा मिथेन आणि पाणी करतात आणि जागा मोकळी करतात. पोटातले झाडूवालेच ते. त्यांना हाकलायचं असेल तर कचरा कुठं टाकायचा हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर कचरा निर्माणच कमी व्हावा असं काही करावं लागतं. मिथेन कमी करण्याच्या बहुतेक युक्त्या या दोन वाटांनीच जातात. यात मेंढपाळाचाही स्वार्थ आहे. खाल्लेल्या चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा या ढेकरांतून उडून जाते.

प्रयोगशाळेत आमचं कोठीपोट काचेचं होतं. शंभर मिलिलिटरची काचेची सिरिंज, दट्ट्याला व्हॅसलीनचा हात फिरवलेला. आत वाळवून दळलेल्या चाऱ्याची चिमूट, २०० मिलिग्रॅम. कोठीपोटातला रस मलमलच्या चार पदरांतून गाळून क्षारांच्या द्रावणात मिसळायचा, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत राहायचे आणि द्रावणाचा गुलाबी रंग उडाला की समजायचं, आत ऑक्सिजन उरला नाही. मग प्रत्येक सिरिंजमध्ये ३० मिलिलिटर भरायचं आणि सगळ्या सिरिंजा ३९ अंशांच्या उबवणीत २४ तास. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात १९७०च्या दशकात ही पद्धत बसवली गेली, ती आजही जगभर चालते. रात्री अकराला मी शेवटची फेरी मारायचे तेव्हा दट्टे हळूहळू वर सरकलेले असायचे. कडब्याचा एवढा, लसूणघासाचा एवढा. शेवटी सिरिंजमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून जातो, दट्टा धपकन खाली येतो आणि जो गॅस उरतो तो जवळपास सगळा मिथेन.

बाभळीच्या शेंगांच्या सिरिंजमध्ये तो फारच कमी उरला. मी नाचत सरांकडे गेले. सरांनी वही बघितली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘‘गॅस कमी झाला की पचनच कमी झालं?’’

या एका प्रश्नानं माझे सात महिने खाल्ले. कारण मिथेन शून्यावर आणायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मेंढीला न पचणारी वस्तू देणं. दगड दिला तर मिथेन होणार नाही. बाभळीच्या शेंगांत, चिंचोक्याच्या टरफलात, कितीतरी झाडांच्या पाल्यात टॅनिन असतं. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड आवळतं ना, तेच. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, आदिजीवांना आणि मिथेन करणाऱ्यांना त्रास देतं. बेतात असेल तर चांगलं: प्रथिनं कोठीपोटात वाया न जाता पुढं आतड्यात पोहोचतात आणि मिथेनही घटतो. हात सैल सुटला की तंतू पचवणारे जिवाणूही आडवे होतात आणि मेंढी खाणं टाकते. मग आम्ही सिरिंजमध्ये टॅनिनला बांधून ठेवणारं पॉलिइथिलीन ग्लायकोल टाकून तीच चाचणी परत केली, उरलेला चोथा वाळवून तोलला, आणि ‘थोडं पचन कमी, पण मिथेन त्याहून जास्त कमी’ असं काहीसं लंगडं पण खरं उत्तर हाती आलं.

उत्तर घेऊन मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले. आमचं रान शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूला. दर वर्षी गहू निघाला की माणदेशातल्या धनगरांचा एक वाडा आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचा. दोनेकशे मेंढरं, चार शेळ्या, दोन घोडी, कुत्री, कोंबड्यांची डाली आणि रात्री मेंढरांभोवती लावायची वाघर. लेंडीखतासाठी आजोबा ज्वारी मापून द्यायचे, वडिलांच्या काळात रात्रीमागे रोख पैसे आले. वाड्यातल्या म्हाताऱ्याला आम्ही सगळे मामाच म्हणायचो. मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, की मेंढ्यांना बाभळीच्या शेंगा किती चारायच्या हे मी शोधून काढतेय.

‘‘चारायच्या?’’ मामा आकडीनं बाभळीची फांदी हलवत होते, ते थांबले. ‘‘आगं, चारायची म्हस. दावणीला बांधायची आन् पुढ्यात वैरण टाकायची. मेंढरू चरतंय. आपन निस्तं मागनं हिंडायचं.’’

मी पशुपोषण शिकत होते, म्हणजे पाच वर्षं ‘चारणं’ शिकत होते. किलोमागे किती प्रथिनं, किती ऊर्जा, टक्के, ग्रॅम, मिश्रण. हा माणूस मला एका क्रियापदात सांगत होता, की तुझं गणित ज्या जागी सुरू होतं ती जागाच माझ्याकडे नाही. वाड्यावर गव्हाण नसते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी एका मेंढीच्या मागे लागले. पाठीवर गेरूचा ठिपका होता तिच्या. तासभर ती कशाला तोंड लावते ते लिहायचं, एवढंच. हरळी. कुसळी. वाळलेला कुंदा. बोराटीचा पाला, काट्यांतून ओठ वळवून नेमका पाला. कडुनिंबाची गळलेली पानं. हिवराच्या शेंगा. परत हरळी. बांधावरच्या वर्तमानपत्राचा कोपरा. बाभळीच्या शेंगा दिसल्या तशी ती धावली, सगळीच धावली. राखी रंगाच्या, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा कुडुम कुडुम फुटल्याचा आवाज दोनशे तोंडांतून एकदम आला. पण पंधराएक शेंगा झाल्यावर ती आपली आपण बाजूला झाली आणि सुक्या गवताकडे वळली. तोंड आवळलं असेल. मामांना विचारलं, सकाळी सुरुवातीलाच इथं का आणत नाही? ‘‘उपाशी पोटी शेंगा पडल्या की मग दुसरं काय धरत न्हाय.’’ आधी पडीक रान, मग निघालेल्या गव्हाचं, ऊन कललं की ओढ्याकाठच्या बाभळी. मामांच्या पायांत एक पाककृती होती, आणि ती दर आठवड्याला, रानागणिक बदलत होती. माझ्या प्रबंधात तिला टाकायला रकाना नव्हता.

आता जगात काय चाललंय ते बघा. मेंढीच्या मिथेनवर सगळ्यात गाजलेलं औषध म्हणजे ॲस्परागॉप्सिस हे लाल समुद्री शेवाळ. त्यातलं ब्रोमोफॉर्म मिथेन बनण्याची शेवटची पायरीच अडवतं. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना ते ७२ दिवस दिलं, खाद्याच्या ३ टक्क्यांपर्यंत. तो प्रयोग २०१८ साली छापून आला: मिथेन ५० ते ८० टक्क्यांनी कमी. आकडा बघून मी दोनदा पान उलटून पाहिलं होतं. नायट्रेटचा रस्ता वेगळा. ते हायड्रोजन स्वतः घेतं, म्हणजे कचऱ्याला दुसरा उकिरडा मिळतो. २०१० सालच्या एका डच प्रयोगात कोकरांच्या खाद्यात नायट्रेट घातल्यावर मिथेन ३२ टक्के उतरला, सल्फेटनं १६, दोन्ही मिळून ४७. पण नायट्रेटचा हात जड झाला, किंवा जनावराला त्याची हळूहळू सवय लावली नाही, तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते आणि जनावर दगावतं. तिसरं ३-नायट्रोऑक्सिप्रोपेनॉल नावाचं रसायन. २०२२पासून युरोपात दुभत्या गाईंसाठी ते विकलं जातं. ते पोटात लवकर विरघळून संपतं, म्हणून घासाघासाबरोबर जायला हवं.

ही सगळी चारण्याची औषधं. गोठ्यातल्या गाईला, पेटीतल्या प्रयोगाच्या मेंढीला मोजून देता येतात. डोंगरावर चरणाऱ्या मेंढीच्या तोंडात दिवसातून हजारो घासांबरोबर ती कोण घालणार?

हा प्रश्न एकट्या माणदेशाचा नाही. न्यूझीलंडला मी कधी गेलेले नाही, पण या विषयातल्या माणसाला तिथले कागद वाचल्याशिवाय गत्यंतर नसतं. त्या देशाच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेती आणि जनावरांचे. १९८२ साली तिथं ७ कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या आत आल्या आहेत, आणि त्या सगळ्या वर्षभर उघड्या कुरणावर. २००३ साली सरकारनं संशोधनासाठी जनावरांमागे छोटा कर सुचवला तर शेतकरी भडकले. त्याला त्यांनी ‘पादण्याचा कर’ असं नाव पाडलं (बघा, तिथंही शेपटीचाच गैरसमज) आणि एका खासदारानं जुना ट्रॅक्टर थेट वेलिंग्टनच्या संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. कर बारगळला, संशोधन मात्र सुरू राहिलं.

त्यांनी काय केलं, तर मेंढीच्या पुढ्यात काही टाकण्याऐवजी तिच्या पायाखालचं बदलून बघितलं. नेहमीच्या रायगवताऐवजी मोहरीच्या कुळातलं चाऱ्याचं पीक लावलं आणि त्यात कोकरं सोडली, तर मिथेन पाव ते तिसऱ्या हिश्शानं उतरला. दुसरं म्हणजे ट्रेलरवर ठेवलेल्या बंद पेट्या. प्रत्येकीत एक मेंढी, पाऊण-एक तास, आणि मग आतल्या हवेचं मोजमाप. अशा हजारो मेंढ्या मोजल्यावर कळलं, की तोच चारा खाऊन काही मेंढ्या मुळातच कमी मिथेन सोडतात आणि हा गुण कोकरांत उतरतो. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कमी आणि जास्त अशा दोन ओळी त्यांनी तयार केल्या, तेव्हा सुमारे १०-१२ टक्क्यांचा फरक पडला. कमी सोडणाऱ्यांचं कोठीपोट लहान असतं, चारा तिथं कमी वेळ मुरतो. म्हणजे शेवटी तेही मामांच्याच मुद्द्यावर आले: हाताशी नाही ते सोडा, मेंढी आणि रान यांच्याकडे बघा.

समुद्री शेवाळ निघालं की नॉर्थ रोनाल्डसे बेटाचं नाव निघतंच. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी द्वीपसमूहातलं बेट. १८३२ साली तिथं बेटाभोवती दगडी भिंत बांधली, मेंढ्यांना आत ठेवायला नव्हे, बाहेर ठेवायला. आतली शेती माणसांची, बाहेरचा किनारा मेंढ्यांचा. तेव्हापासून त्या मेंढ्या शेवाळ खाऊन जगतात. त्यांची चरायची वेळ सूर्यावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते. दर वेळी कुणीतरी हे बेट पुरावा म्हणून दाखवतं, की बघा, मेंढ्या शेवाळावर जगतातच. पण तिथं मुख्यतः तपकिरी केल्प असतं. मिथेन अडवणारं लाल शेवाळ वेगळं. मला ते बेट वेगळ्याच कारणासाठी आवडतं: मेंढीला मनाविरुद्ध काही खायला घालायचं असेल तर भिंत किती लांब बांधावी लागते, ते तिथं दिसतं. वीसेक किलोमीटर.

आणि आपली बाभूळ? ती १८९०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये नेली गेली. पुढे तिथल्या मेंढपाळांनी सावलीसाठी आणि शेंगांच्या चाऱ्यासाठी ती गावोगाव लावली. आज ती तिथल्या सगळ्यात त्रासदायक तणांत गणली जाते, लाखो हेक्टरांवर पसरलेली. चांगला सल्लासुद्धा रान बदललं की अंगावर येतो.

आता मी एका पशुखाद्याच्या कारखान्यात काम करते, म्हणजे पूर्णवेळ चारण्याच्या बाजूला. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेनं टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाची पूड केली, २०२१ साली ती बाहेर आली. तिच्यानं मिथेन १७ ते २० टक्के उतरतो असं संस्था सांगते. गोठ्यातल्या गाई-म्हशींसाठी मला ती मनापासून पटते. पण कोणी मेंढपाळाचा कळप बघून ‘ही मेंढरं पृथ्वी तापवतात’ असं म्हणालं की माझा तोल जातो. आपल्याकडच्या मेंढीचा हिशेब वर्षाला ५ किलो मिथेन असा धरतात. दिवसाला चौदाएक ग्रॅम. तीन मेंढ्यांचा वर्षभराचा मिथेन म्हणजे वजनात घरच्या गॅसची एक टाकी. २०१९च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या, म्हणजे पावणेचार लाख टन. आकडा लहान नाही. पण गाई-म्हशीच तीस कोटींवर आहेत आणि एकेकीचा ढेकर मेंढीच्या कितीतरी पट. सुरुवात कुठून करायची हे सांगायला एम.व्ही.एस्सी. लागत नाही.

आणि एक गोष्ट कारखान्यात बसून जास्तच दिसते. मार्च ते जून आपली मेंढी अर्धपोटी असते. सुकं, कोरडं, काड्यांसारखं खाते, ढेकर देत राहते आणि वजन मात्र घटवते. त्या चार महिन्यांचा मिथेन निव्वळ वाया. त्या दिवसांत तिला शेंगा, पाला, चार घास बरा चारा मिळाला तर कोकरू लवकर वाढेल, लवकर बाजारात जाईल आणि किलो मटणामागचा मिथेन कुठलीही पूड न घालता उतरेल. म्हणजे ओढ्याकाठच्या बाभळी हव्यात आणि त्यांच्यापर्यंत जायची वाट हवी.

गेल्या मेमध्ये घरी गेले तर वाडा आलेला होता. मामा आता चालत नाहीत, वाघरीजवळ घोंगडीवर बसून असतात. मेंढरांमागे त्यांचा मुलगा जातो. ओढा जेसीबीनं रुंद आणि खोल केलाय, पाणी छान थांबतं, दोन्ही काठांच्या बाभळी गेल्या. मुलगा दुसऱ्या शिवारातून मोटरसायकलवर शेंगांचं एक पोतं बांधून आणतो. मी पिशवीतून नमुन्याची पुडी काढली. त्यानं ती हातात घेऊन उलटीपालटी केली, वास घेतला.

‘‘आन् ही टाकायची कशात, ताई?’’

उत्तर मला माहीत होतं, त्यालाही. पुडी परत पिशवीत गेली.

कळप लांब गेला होता. वाघरीत एकच मेंढी मागं राहिलेली, पुढचा खूर सुजलेला. मामांनी बसल्या जागेवरून पोत्यात हात घातला, मूठभर शेंगा तिच्यापुढे धरल्या. ‘‘हिला चारायचीय बघ,’’ म्हणाले. मीही एक मूठ घेतली. खरखरीत ओठ तळव्यावरून फिरले, शेंगा गेल्या. मग ती खाली बसली. थोड्या वेळानं मानेच्या खालून एक गोळा वर सरकत जाताना दिसला, जबडा आडवा हलू लागला, आणि मधेच तिनं तोंडाच्या कोपऱ्यातून एक बाभळीचं बी जमिनीवर टाकलं. मग दुसरं. मामा ती वेचून कोपरीच्या खिशात टाकत होते.